खेळपट्टीचा वाफसा

कसोटी क्रिकेट हा हातात काही काम असलेल्या माणसाने बघायचा (आणि त्याआधी ऐकायचा) खेळ आहे, असं माझं फार जुनं मत आहे. टीव्हीसमोर नुसतं हाताची घडी घालून बसणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटला, तर मी त्याला दोष देणार नाही. पण शेंगा सोलताना, वह्या तपासताना, स्वेटरचे टाके मोजताना या खेळासारखी सोबत नाही. दोन चेंडूंच्या मध्ये एक टाका होतो, षटक संपेपर्यंत एक ओळ. कुणी बाद झालं की आवाज होतोच, मग मान वर करायची. दिवसाला नव्वद षटकं, मध्ये जेवण, मध्ये चहा. इतका आपल्या घरच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

हे वेड वडिलांकडून आलं. सांगलीला आमच्या घरी फळीवर एक रेडिओ होता. त्याला वडिलांशिवाय कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. कसोटी असली की बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन लागायचं. मी दहा-बारा वर्षांची असेन. मैदान बघितलेलं नव्हतं, पण ‘चेंडू ऑफ यष्टीच्या बाहेर’ म्हणजे नक्की कुठे, हे मी अंगणात तीन काड्या रोवून वडिलांना विचारून घेतलं होतं. आई म्हणायची, ‘हिला काय मेलीला क्रिकेट खेळायचंय?’ वडील म्हणायचे, ‘ऐकू दे गं. मराठी सुधारेल.’ पुढे मी मराठीच घेऊन बी.ए. झाले आणि पस्तीस वर्षं तोच विषय शिकवला, तेव्हा वडिलांचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं!

मला यातलं सगळ्यात काय आवडतं? दुसरा डाव. एकदिवसीयमध्ये आणि त्या वीस षटकांच्या प्रकारात एकदा बाद झालात की संपलं. कसोटीत मात्र पहिल्या डावात भोपळा घेऊन परतलेला माणूस दोन दिवसांनी परत पॅड बांधून उतरतो. मार्चमध्ये नापास झालेल्या पोरांसाठी आमच्या वेळी ऑक्टोबरची परीक्षा असायची ना, तसं. ऑक्टोबरला बसलेली कितीतरी पोरं पुढे फार चांगली निघाली, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पण हा दुसरा डाव खरा केव्हा? तिथपर्यंत खेळपट्टी टिकली तर. आणि इथे आमच्या ह्यांचा विषय सुरू होतो.

हे शेतीखात्यात, मृदसंधारणात होते. सगळी नोकरी बांधबंदिस्ती आणि माती यात गेली. लग्न झालं तेव्हा क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्याचा अभिमानही बाळगून होते. पण टीव्ही आला, आणि सामन्याआधी तो कोट घातलेला समालोचक खेळपट्टीवर उकिडवा बसून भेगेत किल्ली घालून दाखवायला लागला, तेव्हापासून हे खुर्ची पुढे ओढायला लागले. ‘अगं, ही तर काळी माती!’ मग आमच्या घरी प्रथा अशी पडली की नाणेफेकीपर्यंतचा सामना ह्यांचा आणि नंतरचा माझा.

त्यांनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळल्यापासून मी क्रिकेट वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. खेळपट्टी म्हणजे बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद असा जमिनीचा तुकडा. (मीटरात वीस आणि थोडे वर.) त्याचा जीव चिकणमातीत. ह्यांची एक सवय होती. कुठेही गेले की चिमूटभर माती घ्यायची, थुंकी लावून (हो, थुंकी!) अंगठा आणि बोटामध्ये दाबत दाबत तिची फीत काढायची. फीत जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती जास्त. वाळूची माती लगेच तुटते. आमच्या कृष्णाकाठच्या मातीची फीत बोटभर सहज निघायची.

आता काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. एप्रिलमध्ये आमच्याकडच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लाल मातीचा स्वभाव वेगळा. तिच्यावर चेंडू चांगला उसळतो, पण ती लवकर भुगा व्हायला बघते. काळीवर चेंडू बसका राहतो, पण ती धरून ठेवते. वानखेडेवर लाल माती आहे, तिथल्या उसळीचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. ढोबळ आहे हे, पण आपल्यासारख्यांना पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द त्यांनी दिला तो वाफसा. शेतकऱ्यांच्या घरातल्या वाचकांना सांगायला नको. पाऊस झाल्यावर रान लगेच नांगरत नाहीत, चिखल होतो. फार थांबलं तर ढेकळं निघतात. मधली जी नेमकी ओल असते, मूठ आवळली तर माती धरते आणि हाताला चिकटत नाही, तो वाफसा. हे म्हणायचे, खेळपट्टीचंही अगदी तेच. ओली असताना रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटून वर येते. कोरडी झाल्यावर फिरवला तर वरचा पापुद्रा तेवढा दबतो, आत पोकळ. वाफशावर फिरवला तर माती खोलपर्यंत दाबून बसते, मग ती दिवसेंदिवस हळूहळू वाळते, मुळांनी धरून ठेवलेली असते म्हणून एकदम फुटत नाही. पहिल्या दिवशी थोडी ओल, वेगवान गोलंदाजाला मदत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कठीण, फलंदाजाचं राज्य. चौथ्या-पाचव्या दिवशी भेगा, गोलंदाजांच्या बुटांनी उकरलेले खड्डे, मग फिरकीवाल्याची पाळी. ज्याची त्याची पाळी येते. फक्त मातीने पाच दिवस दमाने वय वाढवलं पाहिजे.

ह्या वाफशाची परीक्षा आमच्या शाळेच्या मैदानावर झाली. तालुक्याची शाळा, मैदान मुरमाचं, आणि आमची पोरं काथ्याच्या मॅटवर खेळायची. मॅट ताणायची, कडेने खिळे ठोकायचे, की झालं. एका वर्षी पी.टी.च्या सरांनी मनावर घेतलं की आपण मातीची खेळपट्टी करू. नदीकाठची काळी माती बैलगाडीने आणली. रोलर म्हणजे सिमेंट भरलेला डांबराचा पिंप. पोरं रोज सकाळी उत्साहाने पाणी मारायची आणि लगेच पिंप ओढायची. आठवड्यात त्याचा असा काही राडा झाला की म्हशी लोळल्यात असं वाटावं. शेवटी ह्यांना बोलावलं. ह्यांनी चप्पल काढली, अनवाणी चालून बघितलं आणि पोरांना म्हणाले, ‘तीन दिवस कुणी हात लावायचा नाही.’ पोरांची तोंडं पडली. तीन दिवसांनी संध्याकाळी येऊन मूठभर माती दाबून दाखवली, ‘हा वाफसा. आता ओढा.’ ती खेळपट्टी चांगली तीन-चार वर्षं टिकली. त्या पोरांपैकी एकजण आज द्राक्षबाग करतो. तो मला मागे म्हणाला, ‘बाई, पाणी कधी थांबवायचं ते मी सरांकडून तिथे शिकलो.’

असो. मुद्द्यावर येते.

चांगली खेळपट्टी म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी प्रश्नपत्रिकेचं उदाहरण देईन. सगळ्या वर्गाला नव्वद गुण मिळाले तर पेपर काढणाऱ्याने काय केलं? आणि सगळा वर्ग नापास झाला तर तरी काय केलं? दोन्ही वेळेला हुशार कोण आणि काठावरचा कोण हे कळलंच नाही. बी.एड.ला आम्हाला घोकून घेतलं होतं, सोप्याकडून कठिणाकडे. चांगला पेपर पहिल्या पानावर सगळ्यांना आत घेतो आणि शेवटच्या पानावर निवड करतो.

सोप्या पेपराचा कहर बघायचा तर १९९७ सालचा ऑगस्ट, कोलंबो. आपल्या डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीचा पहिला कसोटी सामना. आयुष्यातला पहिला चेंडू टाकला आणि बळी! कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. काय आनंद झाला होता आम्हाला. आणि पुढे? जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागी केली. तिसरा अख्खा दिवस आणि चौथा अख्खा दिवस, एकही गडी नाही. श्रीलंका ६ बाद ९५२. कुलकर्णीने सत्तर षटकं टाकली, १९५ धावा दिल्या, आणि बळी तो एकच, पहिल्या चेंडूचा. तो मुलगा एकूण तीनच कसोट्या खेळला. गोलंदाज म्हणून तो केवढा होता हे त्या रस्त्यावर कुणाला कळणार होतं? विक्रमाच्या पुस्तकात ९५२ सगळ्यांना दिसतात. मला ती सत्तर षटकं दिसतात.

आणि कठीण पेपर? तो बंगळूर, मार्च १९८७. त्या वेळी पाकिस्तानचा संघ आला होता. पाच कसोट्यांतल्या पहिल्या चार अनिर्णित, कंटाळा येईल अशा. मग पाचव्या कसोटीत जी खेळपट्टी निघाली ती म्हणजे आखाडा. चेंडू हातभर वळत होता, कधी गुडघ्याखाली, कधी छातीवर. पाकिस्तान पहिल्या डावात ११६. मणिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेतले. आपण १४५. शेवटच्या डावात आपल्याला २२१ हवे होते. परीक्षांचे दिवस होते, १७ तारीख. टीचर्स रूममध्ये कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला होता आणि पर्यवेक्षण संपवून येणारा प्रत्येकजण दारातूनच विचारत होता, ‘सुनील आहे ना?’ सुनील होता. पाच तासांहून जास्त होता. ९६ वर गेला, आपण सोळा धावांनी हरलो, आणि तो त्याचा शेवटचा कसोटी डाव ठरला.

त्या डावाबद्दल मी आजही तासभर बोलू शकेन. पण संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, ‘बघा, तुम्ही ज्या खेळपट्टीला नावं ठेवत होतात तिनेच हा डाव दाखवला.’ हे शांतपणे म्हणाले, ‘बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीजवळचं एक चिंचेचं झाड हिरवं राहिलं होतं. म्हणून दुष्काळ चांगला होता का?’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण गावसकरांचा तो डाव सोडूनही देववत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत.

मग मनासारखा पेपर कोणता? तो सगळ्यांना पाठ आहे तरी सांगतेच. ईडन गार्डन्स, मार्च २००१. (पुन्हा मार्च! माझ्या आयुष्यातले निम्मे चांगले सामने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवरूनच बघितले गेले.) ऑस्ट्रेलिया ओळीने सोळा कसोट्या जिंकून आलेली. त्यांच्या ४४५ पुढे आपण १७१, फॉलोऑन. चौदा तारखेला लक्ष्मण आणि द्रविड सकाळी उतरले आणि संध्याकाळी तेच दोघं परत आले. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भागी ३७६. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, त्याच मातीवर हरभजनने सहा गडी काढले, सचिनने तीन, आणि चहानंतर सगळं कोसळलं. १७१ धावांनी जिंकलो.

लक्षात घ्या, माती तीच. चौथ्या दिवशी दोन माणसं दिवसभर उभी राहू शकली आणि पाचव्या दिवशी सहा तासांत दहा गडी बाद होऊ शकले. आणि त्याच मातीवर पहिल्या डावात वॉने शतक काढलं होतं, हरभजनने हॅट्ट्रिक घेतली होती. प्रत्येकाला प्रश्न होता आणि प्रत्येकाला वेळ होता.

आता त्याच ईडनवर नोव्हेंबर २०२५ मध्ये काय झालं? दक्षिण आफ्रिका आली होती. चारही डावांत कुणाच्या दोनशे धावा झाल्या नाहीत. आपल्याला शेवटी १२४ हवे होते, आपण ९३ मध्ये आटोपलो, तिसऱ्याच दिवशी. आणि कुणा परक्याने डाव साधलेला नव्हता. खेळपट्टी आम्ही मागितली तशीच मिळाली, असं आपल्या प्रशिक्षकांनीच सांगितलं.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. तो पुण्याला असतो, हुशार आहे, पण क्रिकेटमध्ये निकालवादी! म्हणाला, ‘मावशी, घरचा फायदा घ्यायचाच असतो. ते लोक आपल्याला हिरवळीवर नाचवत नाहीत का?’ नाचवतात ना. जानेवारी २०२४ मध्ये केपटाउनची कसोटी ६४२ चेंडूंत निकाली निघाली, आजवरची सगळ्यात छोटी. पहिल्याच दिवशी तेवीस गडी. ती आपण जिंकलो, पण तिलाही मी चांगलं म्हणणार नाही, आणि आयसीसीनेही ती खेळपट्टी असमाधानकारक ठरवली. तेव्हा हिरवी काय आणि भुसभुशीत काय, मला दोन्हीचा सारखाच राग आहे.

पण भाच्याला मी दुसरंच विचारलं. म्हटलं, ‘फायदा कुणाला झाला ते सांग.’ तुमच्याच पुण्यात, गहुंज्याला, फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिली कसोटी झाली. पहिल्या दिवसापासून धूळ. स्टीव्ह ओकीफ नावाच्या गोलंदाजाने दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा गडी घेतले. आपण १०५ आणि १०७. तीन दिवसांत ३३३ धावांनी हरलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा तिथेच सँटनरने तेरा गडी काढले आणि घरच्या मैदानावर बारा वर्षं न हरलेली मालिका आपण हरलो. मग वानखेडेवर एजाझ पटेलने, म्हणजे मुंबईतच जन्मलेल्या मुलाने, अकरा गडी घेतले. आपल्याला १४७ हवे होते, १२१ झाले. तीन-शून्य.

यातलं गणित सोपं आहे. अश्विन किंवा जडेजा आणि समोरचा मध्यम फिरकीवाला यांच्यात फरक कुठे दिसतो? फसवण्यात. हवेत चेंडू थांबवण्यात. फलंदाजाला तीन षटकं एकाच जागी खेळवून चौथ्या षटकात चूक करायला लावण्यात. खेळपट्टीच जर पहिल्या तासापासून सगळं करत असेल, तर समोरच्याने फक्त सरळ टाकत राहायचं. एक चेंडू वळतो, एक सरळ जातो, आणि कुठला कोणता हे त्यालाही माहीत नसतं, मग फलंदाजाला काय कळणार! म्हणजे आपल्याकडचा जो मोठा कारागीर, त्याची कारागिरी आपणच फुकट घालवली. वर नाणेफेक जिंकेल त्याचा अर्धा सामना.

भाचा ऐकणाऱ्यातला नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन. ‘मावशी, गुवाहाटीची खेळपट्टी तर तुला हवी तशी होती. तिथे काय झालं?’ तिथे आपण ४०८ धावांनी हरलो. त्याचं खरं आहे, त्या खेळपट्टीला दोष देता येत नाही. दक्षिण आफ्रिकेने पहिल्या डावात ४८९ केल्या, आपण २०१. मी त्याला म्हटलं, बाबा रे, वर्षभर गाइडं वाचून पास होणाऱ्या मुलासमोर मूळ पुस्तक ठेवलं की असंच होतं. तीन दिवसांच्या खेळपट्टीवर खेळून खेळून दीड दिवस उभं राहायची सवय जाते. गोलंदाजाची घामाची सवय जाते. तो म्हणाला, ‘हे तू सोयीचं बोलतेस.’ म्हटलं, असेल. पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला एवढं सोयीचं बोलायचा हक्क आहे.

मला मात्र ह्या सगळ्यात जे बोचतं ते हार-जितीचं नाही. दिवस कापले जाण्याचं आहे.

हे कसं ते सांगायचं तर जानेवारी २०२१ सांगायला हवा. ज्यांना घरचं माहीत आहे त्यांना माहीत आहेच. ह्यांचं हृदय तेव्हा फार थकलेलं होतं. डॉक्टरांनी जिना, चालणं, मीठ, सगळं बंद केलं होतं. बाहेर कोरोना, येणं-जाणं नाही. रात्री झोप नाही. पहाटे पाचला ऑस्ट्रेलियातला सामना सुरू व्हायचा, आणि रात्रीचा तो शेवटचा वाईट तास त्यामुळे टळायचा. मी उशा लावून बसवायची, चहा करायची, आणि आम्ही बघायचो.

सिडनीची कसोटी. शेवटच्या दिवशी पंतने ९७ काढल्या, पुजाराने ७७, आणि मग दोघंही गेले. विहारीचा मांडीचा स्नायू फाटलेला, त्याला धावता येत नव्हतं. अश्विनची पाठ धरलेली. जिंकणं संपलं होतं. त्या दोघांनी चाळीसहून जास्त षटकं खेळून काढली. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३. अंगावर चेंडू घेत होता अश्विन. ह्यांना क्रिकेटमधला अनिर्णित सामना कधी पटलेला नव्हता. ‘पाच दिवस खेळून निकाल नाही, हा काय खेळ?’ असं तीस वर्षं ऐकलं होतं मी. त्या दिवशी साडेदहा-अकराच्या सुमारास मी म्हटलं, तुम्ही आता पडा थोडं, मी सांगते काय होतं ते. तर म्हणाले, ‘नको. आज हे दोघं उभे आहेत तोवर बसू.’

आणि बसले. सामना वाचला तेव्हा साडेबारा होत आले होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खेळपट्टी जवळून दाखवली तेव्हा म्हणाले, ‘माती चांगली टिकवली यांनी. भेगा आहेत पण ढासळली नाही.’

आठवड्याने ब्रिस्बेन झालं. ३२८ चा पाठलाग, गिलच्या ९१, पुजाराने अंगावर घेतलेले ते सगळे चेंडू, पंत नाबाद ८९. १९८८ पासून त्या मैदानावर न हरलेला ऑस्ट्रेलिया हरला. तेही पाचव्या दिवशी, शेवटच्या तासात. साऱ्या देशाला ब्रिस्बेन आठवतं. मला सिडनी. त्याच पावसाळ्यात हे गेले.

तेव्हा कुणी मला म्हणतं की सामना तीन दिवसांत संपला तर बिघडलं कुठे, उलट वेळ वाचला, तेव्हा मी वाद घालत नाही. वेळ वाचवून कुणाला काय करायचं असतं कोण जाणे.

२०२५ चा उन्हाळा, म्हणजे इंग्लंडमधला, मात्र मनासारखा गेला. पाच कसोट्या, आणि पाचही पाचव्या दिवसापर्यंत. खेळपट्ट्या जरा पाटाच होत्या, हे खरं. तिथल्या नेहमीच्या हवेतल्या आणि शिवणीवरच्या करामती कमी दिसल्या. पण टिकल्या. मँचेस्टरला आपले पहिले दोन गडी शून्यावर गेले, डोक्यावर ३११ ची पिछाडी, आणि शेवटी जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर दोघंही शतकं काढून नाबाद! मला एकदम सिडनी आठवलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी म्हटलं, ‘बघताय ना?’ (हसू नका.)

ओव्हलला पाचव्या दिवशी इंग्लंडला पस्तीस धावा हव्या होत्या आणि चार गडी हाताशी. खेळ झाला जेमतेम तासभर. निखळलेला खांदा झोळीत बांधून वोक्स उतरला, एका हाताने बॅट धरून. एकही चेंडू त्याच्या वाट्याला आला नाही, नुसता पळत होता आणि कळवळत होता. सिराजने अॅटकिन्सनचा ऑफ यष्टी उडवला, आपण सहा धावांनी जिंकलो. पाच कसोट्यांतल्या जवळजवळ पंचवीस दिवसांचा हिशेब त्या एका तासात चुकता झाला, दोन-दोन.

भाच्याचा त्या संध्याकाळीही फोन आला होता. तो खूश होता, आपण जिंकलो म्हणून. म्हणाला, ‘मावशी, पुढच्या वेळी पुण्यात कसोटी झाली की तुला पाचव्या दिवसाचं तिकीट काढून देतो. ये माझ्याकडे.’

मी हो म्हटलं आहे. पण सांगलीच्या परतीचं रिझर्वेशन मी तिसऱ्या दिवसाचं करून ठेवणार आहे. वेळ आलीच तर रद्द करता येतं.